डोळे मुळातच कोरडे असताना त्यात एवढी मोठी स्क्लेरल लेन्स घालायची? त्रास वाढणार नाही का? कोणी वापरली आहे का?

मी वापरते, तीन वर्षं झाली. मला शोग्रेन्स आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवरच उलटते तो आजार. सांधेदुखीसाठी डॉक्टरांकडे गेले आणि त्यातून डोळ्यांचं कारण निघालं. अश्रू किती येतात ते बघायला पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात ती चाचणी तुमचीही झाली असेल. साधारण १० मिलिमीटर किंवा जास्त भिजली तर ठीक धरतात. माझी २ भिजली.

तुमची शंका रास्त आहे, मलाही हेच वाटलं होतं. कॉलेजात मी सॉफ्ट लेन्स वापरायचे. कोरडेपणा वाढला तशी ती दुपारपर्यंत डोळ्याला चिकटून बसायला लागली. स्क्लेरलचं तसं नाही. ती कडक असते, माझी १६ मिलिमीटरची आहे, आणि नीट बसली तर बुबुळाला शिवतच नाही. वाटी पालथी घातल्यासारखी ती बुबुळावरून जाते आणि कडेनं पांढऱ्या भागावर टेकते. डोळ्यात घालण्याआधी त्या वाटीत सलाइन भरायचं. म्हणजे दिवसभर बुबुळ पाण्याखाली. ड्रॉप्स काही मिनिटांत उडून जातात, हे पाणी जागेवर राहतं.

पण घालायला शिकणं, बापरे! टेबलावर आरसा आडवा ठेवायचा, मान पूर्ण खाली, नाक जमिनीकडे. लेन्स चिकटवून धरणाऱ्या छोट्या रबरी प्लंजरवर काठोकाठ भरलेली लेन्स. एका हातानं दोन्ही पापण्या ताणायच्या आणि डोळा न मिटता ती वर न्यायची. पाणी डोळ्याला टेकलं की थांबायचं नाही, तशीच पुढे ढकलायची. जरा सांडलं की आत हवेचा बुडबुडा राहतो, मग काढा आणि पुन्हा भरा. पहिल्या दिवशी मला पाऊण तास लागला आणि टॉवेल पिळण्याइतका भिजला. आता दोन्ही डोळ्यांना मिळून पाच मिनिटं लागतात. काढताना प्लंजर मधोमध नाही, कडेजवळ लावायचा. मधे लावला तर लेन्स सुटत नाही आणि जीव घाबरा होतो.

पहिली जोडी मला घट्ट झाली होती. संध्याकाळी काढल्यावर पांढऱ्या भागावर कडेचा वळ उठलेला असायचा. 'सवय होईल' असं सांगितलं गेलं, मीही महिनाभर ऐकलं. तुम्ही ऐकू नका. दुसरीकडे माप बदलून घेतल्यावर वळ गेला. याचं सगळं यश माप घेणाऱ्यावर आहे, त्यामुळे दुकान नको, कॉर्नियाचं काम करणारं हॉस्पिटल बघा. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत प्रोज नावाची याच तत्त्वावरची लेन्स देतात. स्टीव्हन्स-जॉन्सनसारख्या औषधाच्या रिअ‍ॅक्शननं डोळ्यांची वाट लागलेले लोकही ती वापरतात.

कटकटी आहेतच. चार-पाच तासांनी पाणी गढूळ होतं, समोर धुकं येतं. मग ऑफिसच्या बाथरूममध्ये नाही, स्वच्छ टेबलावर बसून काढायची, पुन्हा भरायची. सलाइन प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच लागतं. मला एकदाच वापरायच्या कुप्या सांगितल्यात. नळाच्या पाण्याचा थेंबही नको, पाण्यातल्या अकँथअमीबा नावाच्या सूक्ष्म जीवाचा संसर्ग डोळा घालवू शकतो. झोपताना काढायची. डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसलं तर लेन्स बाहेर आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणि ड्रॉप्स पूर्ण सुटत नाहीत, रात्री मलम लागतंच. खर्च म्हणाल तर दोन्ही डोळ्यांचे मिळून जुन्या स्कूटीएवढे पैसे गेले, आणि ही काही जन्माची खरेदी नाही.

म्हणून आधी कोरडेपणाचं कारण नीट शोधून घ्या. पापण्यांतल्या तेलाच्या ग्रंथी तुंबल्या असतील तर शेक आणि पापण्यांची स्वच्छता यानंच पुष्कळांचं भागतं. मी सूज कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप्स, अश्रू वाहून जातात त्या पापणीच्या भोकांत बुचं, सगळं करून मग इथे आले.

इतकं करून फायदा काय? वाचता येतं. स्कूटरवर वारा झोंबत नाही. कांदा चिरताना आधी डोळे नुसते जळायचे, पाणी यायचंच नाही; आता घरातला सगळा कांदा माझ्याकडेच येतो.

पैसे भरण्याआधी ट्रायल लेन्स घालून दोन-तीन तास बसवतात का ते विचारा. मी तेवढ्या वेळात मुद्दाम खाली उतरून सिग्नलच्या धुरात उभी राहिले होते. वर येऊन लगेच ऑर्डर दिली.