‘पान लागलं’ म्हणजे काय, विचारलंस म्हणून

प्रिय सोनू,

परवा आजी फोनवर सांगत होती, की शेजारच्या वावरातल्या सालगड्याला पान लागलं, पण तालुक्याला वेळेवर नेलं म्हणून वाचला. फोन ठेवल्यावर तू विचारलंस, ‘पान लागलं म्हणजे साप चावला ना? मग तसं सरळ का नाही म्हणत? मराठी माणसं सरळ का बोलत नाहीत?’ आणि लगेच दुसरं, की शाळेत बाई म्हणतात लेखक एकेक शब्द निवडून घेतो, तर मग आजीसुद्धा निवडते का? दोन्ही प्रश्न मला फार आवडले. जेवता जेवता संपेल एवढं छोटं उत्तर नाही, म्हणून लिहूनच देते.

आजी निवडते. आपल्याकडे दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो येतो, अशी जुनी समजूत. म्हणून ‘जनावर’ म्हणायचं, ‘लांबडं’ म्हणायचं, आणि चावला तर ‘पान लागलं’. तुला ही नुसती अंधश्रद्धा वाटेल. पण रात्री लाईट आली की मोटार चालू करायला एकट्यानं बॅटरी घेऊन वावरात जावं लागतं, उसातून, बांधावरून. ज्या घरातला माणूस रोज असा जातो, त्या घरात तो शब्द मोठ्यानं उच्चारवत नाही. आजीच्या त्या शब्दात तिचा धाक आहे आणि त्या सालगड्याबद्दलची कळवळ आहे.

आता हीच गोष्ट दवाखान्याच्या कागदावर ‘सर्पदंश’ होते. पेपरातही तसंच छापून येतं. शहरातला मामा ‘साप चावला’ म्हणतो. कुणीच खोटं बोलत नाही, पण सांगणारा कुठून बोलतो ते लगेच कळतं. लेखकानं ‘सर्पदंश’ लिहिलं की आपण टेबलाच्या अलीकडे बसून केस ऐकतो. ‘पान लागलं’ लिहिलं की त्या घराच्या ओट्यावर, बायामाणसांच्या घोळक्यात जाऊन बसतो. मला विचारशील तर लेखकाचा सगळ्यात मोठा निर्णय हाच असतो, की कुणाशेजारी उभं राहून बोलायचं. गोड शब्द, कडक शब्द, हे सगळं त्यानंतर येतं.

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पाण्याचंच बघ. पाऊस गेला की आजी म्हणते, ‘औंदा पाणीच पडलं नाही.’ पुस्तकात ते अवर्षण होतं. सरकारी कागदात पिकाची पैसेवारी काढतात, म्हणजे नेहमीच्या मानानं पीक किती आलं त्याचा अंदाज. पूर्वी ती ५० पैशांच्या खाली गेली की गावाचं नाव टंचाईच्या यादीत यायचं, आणि तरी कागदावर शब्द यायचा ‘टंचाईसदृश परिस्थिती’. हा ‘सदृश’ मला लहानपणापासून खुपतो. विहिरीचा तळ दिसतोय, जनावरं बाजाराला निघालीत, आणि कागद म्हणतो टंचाईसारखं काहीतरी आहे. एका जोडशब्दानं माणसाचं दुःख पाच हात लांब ढकलता येतं. असा शब्द लिहिणाराही निवडूनच लिहितो, हे लक्षात ठेव.

याच्या उलट आजीचा ‘बहात्तर’. ती १९७२ चा दुष्काळ असं कधी म्हणत नाही. ‘बहात्तरला म्या खडी फोडली’ एवढंच म्हणते. आपल्या भागात त्या आकड्यापुढे दुष्काळ हा शब्द जोडावाच लागत नाही. दुष्काळी कामावरचा तळपता उन्हाळा, कामावर मिळणारी सुकडी, बाहेरून आलेली मिलो ज्वारी, सगळं त्या आकड्यात आलं.

२०१६ साली लातूरला पाणी उरलं नव्हतं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदी लावावी लागली होती. मग मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, १० वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, साधारण पाच लाख लिटर. गाडीचं नाव ठेवलं ‘जलदूत’. नाव सुरेख आहे, आणि ज्यांनी ते पाणी पाठवलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण तो शब्द पाणी आणणाऱ्यांच्या बाजूचा आहे. घागरी घेऊन रांगेत थांबलेल्या बाईसाठी ती पाण्याची रेल्वे होती. उद्या तुला त्यावर गोष्ट लिहायची झाली, तर ‘जलदूत आला’ आणि ‘पाण्याची रेल्वे आली’ या दोन वाक्यांपुढे दोन वेगळ्या गोष्टी सुरू होतील. पहिलीत हार घातलेलं इंजिन दिसेल, दुसरीत आपला नंबर कधी लागणार याची काळजी.

इतिहासातही हेच. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं आणि निजामाचं राज्य संपलं. १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतो, त्या शब्दात लढलेल्या माणसांचा मान आहे. जुनी माणसं मात्र ‘पोलीस ॲक्शन’ म्हणायची, तो दिल्लीचा शब्द, सैन्याची चढाई पोलिसी बंदोबस्तासारखी वाटावी असा. उर्दू बोलणाऱ्या बऱ्याच घरांत त्यालाच ‘सुकूत-ए-हैदराबाद’ म्हणतात, हैदराबादचा पाडाव. त्या घरांनीही त्या काळात माणसं गमावली. लेखकानं यातला कोणता शब्द घेतला यावर पुढच्या पानावर कोण रडणार आणि कोण फटाके उडवणार ते ठरतं. मी ‘मुक्तिसंग्राम’च म्हणते, कारण रझाकारांच्या भीतीनं रात्री रानात लपलेल्या माणसांच्या हकिकती ऐकत मी वाढले. पण दुसरा शब्द कुणी उच्चारला तर त्याला गप्प करू नये असंही मला मनापासून वाटतं.

आपली गंगाखेडची जनाबाई तर यात सगळ्यांची गुरू. नामदेवांच्या घरची दासी. पांडुरंग, विठाई, माऊली, सगळी नावं तिला येत होती, आणि चिडली तेव्हा तिनं त्याला ‘विठ्या’ म्हटलं. पंढरीच्या देवाला! दळताकांडताना शेजारी बसलेल्या माणसाशी जसं भांडावं तसं. ‘हे परमेश्वरा, मी तुझ्यावर रागावले आहे’ असं लिहून तो राग आणि तो हक्क आला असता का? आणि पैठणचे एकनाथ, सोळाव्या शतकातले, संस्कृतचे मोठे पंडित. पण भारूड रचताना ते कधी गोंधळी होतात, कधी जोशी, कधी वासुदेव, आणि त्या त्या माणसाच्या तोंडचे शब्द घेतात. पंडिताचे शब्द त्यांच्याजवळ होतेच. ते बाजूला ठेवणं हीसुद्धा निवड.

आता तुझ्या निबंधाकडे येते. तू लिहिलंस, ‘आजीची साडी जुनी होती. सकाळी तिने आम्हाला शिळी भाकरी आणि ठेचा दिला.’ दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण ‘जुनी’ कोरडा शब्द आहे, त्यातून साडीचं वय तेवढं कळतं. ‘विटकी’ लिहिलंस तर वाचकाला कीव येईल. ‘धुवट’ लिहिलंस तर तीच साडी रोज हातानं धुऊन, दोरीवर ताणून वाळवलेली दिसेल, आणि आजीची टापटीपही. तसंच ‘शिळी’त थोडी नावड आहे. आजी तिला ‘रातची भाकर’ म्हणते, आणि त्या शब्दात नावडीचा लवलेश नाही. ती भाकर तेल-चटणीसंगं सकाळी मुद्दाम खाल्ली जाते, उरली म्हणून नाही.

एक मात्र करू नकोस. गावाकडचं वाटावं म्हणून कोथिंबिरीसारखे ‘लई’ आणि ‘व्हय’ वरून भुरभुरू नकोस. मालिकांमध्ये आपली बोली बहुतेक हसवण्यापुरतीच येते. कुणी ‘जेवायलो’ किंवा ‘काय करायलास’ म्हटलं की लोक आधीच हसायला तयार. मला त्याचा राग येतो. त्या बोलीत आजीनं लेकरं वाढवली, मयतीला रडली, बँकेच्या साहेबाशी भांडली. ती बोली निबंधात आणायची तर आजीच्या तोंडी, तिच्या पूर्ण वाक्यात आण, आणि ते वाक्य गंभीर असलं तर गंभीरच राहू दे.

साडीसाठी यातला कोणता शब्द घ्यायचा ते मी सांगणार नाही. रविवारी आजीला फोन लावू तेव्हा त्या सकाळबद्दल तूच विचार, ती कोणतं लुगडं नेसली होती आणि भाकरी कधी थापली होती. वही जवळ ठेव, ती भराभर बोलते. तिच्या बोलण्यातलं काय घ्यायचं ते तू ठरव, आणि निबंध बाईंना देण्याआधी एकदा मला मोठ्यानं वाचून दाखव.

तुझी,
आई