मुलगा तिसरं वर्ष सोडतो म्हणतोय

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"माझा मुलगा साखळीच्या कॉलेजात बीकॉमला आहे. दुसरं वर्ष आताच पास झाला, ५८ टक्के पडले. गेलं दीड वर्ष शनिवार-रविवार आणि सुट्टीत तो पर्वरीच्या एका एसी मेकॅनिककडे कामाला जातो. या मे महिन्यात त्याने २२ हजार रुपये घरी आणले. आता मालक म्हणतात, कायमचा ये, महिना २० हजार देतो. मुलगा म्हणतो, कॉलेज सोडतो. त्याचे वडील दहावीनंतर खाणीच्या ट्रकवर गेले. पुढे स्वतःचा ट्रक घेतला, घर बांधलं. खाणी बंद झाल्या तसा ट्रक परसात उभा राहिला तो राहिलाच. तरी ते म्हणतात, डिग्रीने पोट भरत नाही, हाताला काम पाहिजे. आमच्या शेजारची मुलगी एमएस्सी होऊन फार्मा कंपनीत कंत्राटावर १६ हजारांनी जाते. मला मात्र वाटतं, पदवी पाहिजे. का पाहिजे, ते मला नीट सांगता येत नाही."

ताई, नमस्कार.

तुम्हाला सांगता येत नाही ते तुमच्या परसातच उभं आहे. २००८-०९ च्या सुमारास मी डिचोली-सत्तरीतल्या शाळांमध्ये मार्गदर्शनाला जायचो. दहावीच्या वर्गात मागच्या बाकावर दोन-तीन मुलं हमखास पेंगत असायची. रात्री ट्रकवर क्लीनर म्हणून गेलेली असत. नखांच्या कडेला लाल माती बसलेली, साबणाने न जाणारी. एकाला विचारलं, बारावीनंतर काय करणार? म्हणाला, "सर, माझा भाऊ चार दिवस खेपा मारतो त्यात तुमचा पगार निघतो." त्याचा हिशेब चुकीचा नव्हता, त्यामुळे मला उत्तर सुचलं नाही. उसगाव, पाळी, आमोणे, सगळीकडे त्या वेळी हाच हिशेब चालू होता.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मधे काही सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने लीजची नूतनीकरणं रद्द केली आणि मार्चच्या मध्यावर पुन्हा सगळं ठप्प झालं. त्या काळात माझ्याकडे तिशीतली माणसं येत. गाडीचा आवाज ऐकून बिघाड सांगणारी, घाटात भरलेला ट्रक लीलया चालवणारी. पण कुठेही अर्ज करायचा झाला की शिक्षणाच्या रकान्यापाशी माणूस अडायचा. हुशारीला काही कमी नव्हतं, ती दाखवायला कागद नव्हता.

यजमानांना टोचावं म्हणून हे लिहीत नाही. त्यांनी कष्टाने घर उभं केलं आणि हाताला काम पाहिजे हे त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. फक्त त्यांच्याच आयुष्याने त्याला जोडून आणखी एक गोष्ट दाखवून दिली: पोट भरणारं एकच काम असलं आणि तेच बंद पडलं तर माणसाला दुसरीकडे शिरायला वाट लागते.

आता मुलाबद्दल. त्याने काम चांगलं निवडलंय. एसीचं काम एका आदेशाने बंद पडणारं नाही. कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यात खारा वारा कंडेन्सरची कॉइल खातो, त्यामुळे तिथे दुरुस्तीला तोटा नाही. आता तर आपल्या वाड्यावाड्यांवरच्या घरांतही एसी आले. पण हे काम बदलतंय. जुना आर-२२ गॅस २०३० पर्यंत देशातून बाद होत चाललाय, नव्या मशीनमध्ये आर-३२ असतो आणि तो पेट घेऊ शकतो. इन्व्हर्टर एसीत निम्मा बिघाड पान्याने सुटत नाही, सर्किट बोर्ड समजावा लागतो. माझ्या ओळखीच्या एका आयटीआय निदेशकांनी मला एक प्रश्न शिकवलाय, तो तुम्ही मुलाला विचारा: नवीन एसी बसवताना लाइनमधली हवा काढायला व्हॅक्यूम पंप लावता, की थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलता? दुसरं उत्तर आलं तर तो पटापट कमावतोय, पण नीट शिकत नाहीये. तसं असेल तर २० हजारांचा मोह आणखीच सोडायला हवा.

दुसरा प्रश्न मालकांना विचारायचा. पीएफ भरणार का? ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, आहे का? तिसऱ्या मजल्याच्या गच्चीच्या कडेला आउटडोअर युनिट बसवताना मुलाच्या कमरेला पट्टा असतो का? हे तुम्ही स्वतः जाऊन विचारा, फोनवर नको. चांगला मालक रागावणार नाही.

पदवी कुठे लागते, ते आता एकदा स्पष्ट सांगतो. केंद्राची नागरी सेवा परीक्षा, राज्य लोकसेवा आयोगाच्या अधिकारी दर्जाच्या जागा, बँकांच्या क्लार्क आणि अधिकारी भरतीच्या परीक्षा, पुढे बीएड किंवा एमबीए करायचं झालं तर तेही. इथे पदवीशिवाय अर्जच घेत नाहीत. एलडीसीची, म्हणजे सरकारी कनिष्ठ कारकुनाची, जागा बारावी आणि संगणकाच्या कोर्सवर निघते, कोकणी यावी लागते. उलट सीएला बारावीनंतर थेट जाता येतं, जहाजावरच्या कामाचेही काही रस्ते दहावी-बारावीवर आहेत. पण सरकारी नोकरीच्या आशेवर तुम्ही मुलाला पदवी करायला लावू नका. आता कर्मचारी निवड आयोगाची संगणकावरची परीक्षा आहे, जागा मोजक्या आणि अर्जांचा पाऊस. कोणी मध्यस्थ 'करून देतो' म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. २०२४ मध्ये अशा मध्यस्थांना लाखो रुपये देऊन बसलेल्या लोकांच्या तक्रारी पोलिसांत गेल्या, ते आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं.

तुमच्या मुलाला बीकॉम हवं ते वेगळ्या कारणासाठी. पर्वरीचा तो मालक आज काय करतो ते त्याने नीट पाहावं. पाना तो आता फारसा हातात धरत नसेल. तो हॉटेलांची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीची कंत्राटं, घेतो, कोटेशन देतो, बिलं पाठवतो आणि थकलेले पैसे वसूल करतो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. कंपनी टीडीएस, म्हणजे कर आधीच कापून पैसे देते आणि तो कापलेला पैसा परत मिळवायचा तर रिटर्न भरावं लागतं. उत्तम हात असलेले कितीतरी मेकॅनिक मी पाहिलेत जे पन्नाशीतही दुसऱ्याच्या बिलावर काम करतात, कारण स्वतःचं बिल करायची त्यांना भीती वाटते. तुमच्या मुलाने दोन वर्षं अकाउंट्स आणि कर शिकलेत. एसीचं काम येणारा आणि ताळेबंद वाचता येणारा मुलगा मला आपल्या भागात फार थोड्या वेळा भेटतो. ५८ टक्क्यांचं वाईट वाटून घेऊ नका. सुट्टीचा प्रत्येक दिवस कामावर घालवून ते मिळवलेत.

शेजारच्या मुलीचं म्हणाल, तर तिचा पगार कमी आहे हे खरंच आहे आणि कंत्राटावर राबवून घेणं मला मुळीच पटत नाही. पण पदवी नसती तर तिला त्या लॅबमध्ये उभंही केलं नसतं. दोन-तीन वर्षं मशीनवर हात बसला की तिने दुसरी कंपनी बघावी.

तर माझं मत सांगतो: तिसरं वर्ष सोडू देऊ नका. एकच वर्ष उरलंय आणि काम हातचं जाणारं नाही, येत्या मे महिन्यात एसी पुन्हा बिघडणारच आहेत. शनिवार-रविवारचं काम चालू ठेवावं, गणेश चवथीनंतर पर्यटनाच्या सीझनआधीची सर्व्हिसिंगची धावपळ असते तेव्हा कॉलेज सुटल्यावरही जावं. पदवी हातात आली की रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा आयटीआय किंवा एखाद्या मोठ्या कंपनीत ॲप्रेंटिसशिप, यातलं एक करावं. तुम्हाला होंडा गावचं आणि डिचोलीचं आयटीआय जवळ पडतं. हा ट्रेड कुठे चालतो ते प्रवेशाआधी जाऊन बघा. पदवीधराने आयटीआयला जाणं कमीपणाचं आहे असं नातेवाईक म्हणतील, त्यांना म्हणू द्या.

मुलगा अजिबातच तयार नसेल, तर त्याच्यावर जबरदस्ती करू नका. वर्गात नुसता बसवलेला मुलगा नापासच होतो. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत दोन वर्षांचे क्रेडिट पूर्ण करून, एक छोटा व्यावसायिक कोर्स करून, डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, आणि तीन वर्षांच्या आत परत येऊन पदवी पुरी करता येते. कॉलेजच्या ऑफिसात हे लेखी विचारून घ्या. न सांगता गैरहजर राहून नाव कटवून घेणं, एवढं मात्र होऊ देऊ नका, कारण त्यात दोन वर्षांची मेहनत अडकून पडते. इग्नूमधून घरी राहून बीकॉम करायचा रस्ताही आहे, पण दिवसभर शिडीवर काम करून रात्री पुस्तक उघडणारी मुलं थोडी, हे माझं वीस वर्षांचं निरीक्षण आहे.

पुढच्या रविवारी मुलाला घेऊन या. दुसऱ्या वर्षाची मार्कशीट आणा, आणि मालकांनी पगाराची काही पावती दिली असेल तर तीही. यजमानांनाही आणा. ट्रक घेतला तेव्हाचं बँकेचं कर्ज, विमा, आरटीओचे कागद, आणि खाणी थांबल्यावर चुकलेले हप्ते, हे सगळं त्यांनी कसं निभावलं ते त्यांनीच मुलाला सांगावं. माझ्या तोंडून त्याला ते तितकं पटणार नाही.