वाचकांचे प्रश्न : लॅब स्वस्त हवी, प्रिंटही चांगली हवी

प्रश्न : मोबाइल आणि कॅमेऱ्यात साठलेल्या फोटोंपैकी तीन-साडेतीनशे निवडून छापून घ्यायचे आहेत. चौकशी केली तर एका लॅबचा दर दुसरीच्या निम्म्याने निघाला. स्वस्त लॅबमध्ये फसगत होते का? लॅब पारखायची तरी कशी?

उत्तर : निम्मा दर म्हणजे फसवणूकच असं नाही. मात्र ‘फोटो प्रिंट’ या एका नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. तुम्ही तुलना करताय ती एकाच वस्तूच्या दोन दरांची आहे का, हे आधी पाहा.

पहिली वस्तू म्हणजे रासायनिक कागदावरची प्रिंट. यात यंत्र लेसर किंवा एलईडीच्या लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाने चांदीचे क्षार असलेल्या कागदावर फोटो उमटवतं आणि मग तो कागद रसायनांतून काढतं. आपण अजूनही ‘फोटो धुवायला टाकला’ म्हणतो, ते इथे अक्षरशः खरं आहे. दुसरी इंकजेट, म्हणजे शाईची. तिला लॅबवाले ‘ड्राय लॅब’ म्हणतात. तिसरी उष्णतेने फितीवरचा रंग कागदावर चढवणारी, दहा-पंधरा सेकंदांत हातात पडणारी प्रिंट. हिच्यात पिवळा, किरमिजी आणि निळसर असे तीन थर आणि वरून पारदर्शक संरक्षक थर असतो. चौथी म्हणजे जाड कार्डावर टोनरने, म्हणजे लेसर प्रिंटरच्या रंगीत भुकटीने, काढलेली प्रत. पहिल्या तिन्हींत उत्तम काम होऊ शकतं. चौथी फोटोबुकाच्या पानांना ठीक, पण सुट्या प्रिंटसाठी ती आम्ही घेणार नाही.

यातली कुठली, हे लॅबवाल्याला सरळ विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर आठ-दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि प्रिंटमधला आकाशाचा किंवा गालाचा उजळ भाग पाहा. रासायनिक प्रिंटमध्ये ठिपके दिसत नाहीत, रंग सलग उतरत जातो. इंकजेटमध्ये विखुरलेले बारीक कण दिसतात. टोनरमध्ये ठिपक्यांची शिस्तबद्ध जाळी दिसते, आणि प्रिंट तिरकी धरली की टोनर असलेला भाग चमकतो, कोरा पांढरा भाग चमकत नाही.

यानंतरची परीक्षा चाचणी-फाइलने घ्यायची. ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेलचं कोरं पान घ्या. त्याच्या एका चतुर्थांशात सावलीतल्या मऊ उजेडात काढलेला ओळखीचा चेहरा ठेवा, दुसऱ्यात चुण्या पडलेलं पांढरं कापड आणि शेजारी काळे केस, तिसऱ्यात भडक लाल फूल आणि हिरवी पानं. चौथ्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी चौकोनांची शिडी काढा : ०, १०, २०, ३०, ५०, ७५, १००, १२८, १५०, १७५, २००, २२५, २४५, २५५. प्रत्येक चौकोनात लाल, हिरवा, निळा यांचे आकडे सारखे ठेवायचे. शेवटी कडेपासून १, २, ३, ४ आणि ५ मिलिमीटर आत एकेक बारीक रेघ ओढा. ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल धरले तर, १ मिलिमीटर म्हणजे सुमारे १२ पिक्सेल. यंत्र कडा किती खातं हे त्या रेघांवरून लगेच मोजता येतं. दोन-तीन मिलिमीटर गेले तर चालतं, पण एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला चार गेले तर कागद वाकडा सरकतोय.

ही फाइल तीन लॅबना द्या आणि ‘रंगदुरुस्ती करू नका’ असं लिहून कळवा. सोबत गडद पार्श्वभूमीचा एखादा फोटो जोडा, म्हणजे सूचना खरोखर पाळतात का ते समजेल. स्वयंचलित दुरुस्ती अख्ख्या फोटोची सरासरी मधल्या राखाडीकडे ओढते. मग काळ्या पडद्यापुढचा चेहरा पांढराफटक होतो, पडदा राखाडी होतो आणि सूर्यास्ताचा केशरी रंग धुऊन निघतो. अनेक यंत्रं प्रिंटच्या पाठीवर बारीक अक्षरांत फाइलचं नाव आणि दुरुस्तीचे आकडे छापतात. तिथे सगळीकडे शून्य किंवा इंग्रजी ‘एन’ असेल तर सहसा हात लावलेला नाही असं समजा.

प्रिंट आल्या की दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन येणार नाही अशा जागी, शेजारी शेजारी मांडा. इंकजेटच्या असतील तर एक दिवस सुकू द्या, तोवर रंग थोडा हलतो. सगळ्यात आधी पाहायची ती राखाडी शिडी. मधल्या चौकोनांवर गुलाबी किंवा हिरवट झाक असेल तर प्रत्येक चेहऱ्यावर तीच झाक येणार. २० आणि ३० हे चौकोन वेगळे ओळखू यायला हवेत (० आणि १० एकमेकांत मिसळले तरी तक्रार नको). २४५चा चौकोन कागदाच्या पांढऱ्यात विरघळला असेल तर पांढऱ्या कापडाच्या चुण्याही गेल्या असतील. ताडून पाहा.

रासायनिक प्रिंटमध्ये कागदाचा पांढरा रंगच पिवळसर दिसला तर रसायनांची निगा राखली जात नाही. आरए-४ नावाच्या प्रचलित प्रक्रियेच्या मूळ मापानुसार विकसक, म्हणजे चित्र उमटवणारं द्रावण ३५ अंश सेल्सिअसला आणि वेळ ४५ सेकंद, पुढच्या द्रावणात तितकाच वेळ, मग धुलाई. काम कमी असलं की विकसक टाकीत पडून हवेने खराब होतो आणि ताज्या द्रावणाची भरही पडत नाही. म्हणून इथे रिकाम्या लॅबपेक्षा गर्दीची लॅब बरी. कागदाचा नवा रोल लावल्यावर चाचणीपट्टी काढून यंत्र जुळवता का, हेही विचारा. नीट काम करणारा माणूस या प्रश्नावर खुलतो.

आणि एक करा, जे फार थोडे लोक करतात. पसंत पडलेल्या लॅबला तीच फाइल तीन आठवड्यांनी पुन्हा द्या. दोन्ही प्रिंट जुळल्या तर लॅब हाती लागली. एखादी प्रिंट सुरेख काढणं फार अवघड नाही, पण आज काढली तशीच पुढच्या महिन्यात निघायला हवी.

दराचा हिशेब करताना पाठवणी, आवेष्टन, किमान ऑर्डर आणि परत छापण्याची अट हे सगळं धरा. ३०० प्रिंटपैकी ३० तुम्हाला स्वखर्चाने पुन्हा काढाव्या लागल्या तर दर तिथेच १० टक्क्यांनी वाढला, शिवाय पाठवणी दोनदा. खराब प्रिंट विनामूल्य बदलून देणारी, थोडी महाग लॅब अशा वेळी स्वस्त पडते.

प्रश्न : दोन वेगवेगळ्या लॅबमधून फोटो काढले, दोन्हीकडचे काळपट आले. स्क्रीनवर तेच फोटो छान उजळ दिसतात. लॅबवाले म्हणतात, फाइलच तशी आहे.

उत्तर : दोन लॅब एकच गोष्ट सांगत असतील तर बहुधा त्यांचंच बरोबर आहे. स्क्रीन स्वतः प्रकाश फेकते, कागद खोलीतल्या उजेडावर अवलंबून असतो. नवा मॉनिटर बहुतेक वेळा गरजेपेक्षा खूपच प्रखर लावलेला असतो. त्यावर फोटो उजळ वाटतो, म्हणून तुम्ही तो आणखी उजळत नाही आणि प्रिंट काळवंडते. छपाईसाठी फोटो तपासताना स्क्रीनची प्रखरता ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर इतकी ठेवतात. मोजायचं साधन नसेल तर स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत प्रखरता उतरवा. सुरुवातीला स्क्रीन मेल्यासारखी वाटेल, पण तासाभरात डोळे सरावतात. मोबाइलवर हे जमवणं कठीण, कारण तो उजेडानुसार स्वतःच प्रखरता बदलतो. मोबाइलवर पाहून फोटो कमी-जास्त करायचेच असतील तर ती स्वयंचलित सोय बंद करून प्रखरता निम्म्याच्या आसपास आणा.

एकदाच करायचा उपाय असा : एक फोटो आहे तसा, एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) उजळून आणि दोन तृतीयांश स्टॉप उजळून असा तिनदा छापा. जो बरोबर वाटेल तेवढी वाढ पुढच्या सगळ्या फोटोंना द्या. ढगांसारखे आधीच पांढरे झालेले भाग जळणार नाहीत एवढं पाहा.

प्रश्न : ४ बाय ६ मध्ये मागच्या रांगेतल्या उंच मंडळींची डोकीच गेली. लॅबने कापली का?

उत्तर : कापली लॅबने, पण माप तुम्ही दिलेलं. बहुतेक मोबाइलचा फोटो ४:३ प्रमाणात असतो आणि ४ बाय ६ चा कागद ३:२ असतो. सहा इंच रुंदी भरायची तर फोटोची उंची साडेचार इंच होते. वरचा-खालचा मिळून अर्धा इंच, म्हणजे नववा हिस्सा जातो. मोबाइलच्या फोटोला ६ बाय ८ तंतोतंत बसतं. ५ बाय ७ मध्ये पाव इंचच जातो. कॅमेऱ्याचा ३:२ फोटो ४ बाय ६, ८ बाय १२ आणि १२ बाय १८ मध्ये पूर्ण बसतो, पण ८ बाय १० मध्ये लांबीतले दोन इंच, म्हणजे सहावा हिस्सा गमावतो. स्वतः कापून, आपल्या हाताने डोकी वाचवून फाइल द्या. तेवढा वेळ नसेल तर ‘पूर्ण फोटो बसवा, पांढरी कड चालेल’ असं लिहा. ही सूचना लॅबवाल्याला लगेच कळते.

प्रश्न : फाइल ३०० डीपीआय नसेल तर प्रिंट फुटते म्हणतात. माझ्या फोटोंवर ७२ डीपीआय दिसतं. वाढवून घेऊ का?

उत्तर : नको. तो आकडा फाइलवर चिकटवलेली चिठ्ठी आहे, तो बदलून फोटोत एकही पिक्सेल वाढत नाही. पिक्सेल मोजा. ८ बाय १२ इंचाला २४०० बाय ३६०० पिक्सेल असले की ३०० पूर्ण झाले. हातात धरून पाहायच्या प्रिंटला २०० पर्यंतही चालून जातं. भिंतीवरच्या मोठ्या फोटोला १५० पुरतात, कारण तो लांबून पाहिला जातो.

खरा घात व्हॉट्सॲपवर होतो. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसून लांब बाजूला सुमारे १६०० पिक्सेल उरतो आणि वर दाबलाही जातो. ४ बाय ६ ला तो कसाबसा पुरेल, ८ बाय १२ ला केस आणि पापण्या मेणासारख्या दिसतील. लॅबला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर मूळ फाइल द्या. जेपेग ९० टक्क्यांच्या वरच्या गुणवत्तेवर साठवा, आणि तीच फाइल उघडून-बदलून पुन्हा पुन्हा जेपेग करू नका, कारण दर वेळी थोडं थोडं नुकसान होत जातं.

प्रश्न : कॅमेऱ्यात ‘ॲडोबी आरजीबी’ निवडलं, जास्त रंग मिळतात असं वाचलं होतं. प्रिंट मात्र फिकुटलेल्या आल्या.

उत्तर : पुष्कळ लॅबची यंत्रणा येणारी प्रत्येक फाइल एसआरजीबी, म्हणजे नेहमीच्या वापरातल्या रंगपट्ट्यातली, समजून चालते. ॲडोबी आरजीबीचे आकडे एसआरजीबी म्हणून वाचले की रंग मरगळतात, हिरवा सगळ्यात जास्त. कॅमेऱ्यात एसआरजीबी ठेवा. आधीच काढलेले फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ने एसआरजीबीत न्या. शेजारचं ‘असाइन’ वापरू नका, ते नुसतं नाव बदलतं आणि फोटो बिघडवतं. काही मोबाइल ‘डिस्प्ले पी३’ नावाच्या रंगपट्ट्यात फोटो काढतात, त्यांनाही हाच उपाय. आणि कुणी सांगितलं तरी फोटो लॅबसाठी फाइल सीएमवायकेमध्ये (छापखान्याच्या चार शायांच्या रंगपद्धतीत) बदलू नका.

एखाद्या लॅबने आपल्या यंत्राची आयसीसी प्रोफाइल, म्हणजे ते यंत्र रंग कसे उमटवतं हे सांगणारी छोटी फाइल, दिली तर ती घ्या. तिने प्रिंट स्क्रीनवर आधी अंदाजता येते. अर्थात स्क्रीन नीट जुळवलेली असेल तरच.

प्रश्न : चकचकीत कागद घ्यावा की मॅट? कुठला जास्त टिकतो?

उत्तर : टिकण्याचा संबंध चकाकीशी फारसा नाही. तो रंगद्रव्य, उजेड, उष्णता आणि दमटपणा यांच्याशी आहे. चकचकीत कागदावर काळा सगळ्यात खोल दिसतो, पण बोटांचे ठसेही तितकेच उठतात. हातोहात फिरणाऱ्या फोटोंना बारीक दाणेदार लस्टर आम्हाला जास्त पटतो. फ्रेममध्ये लावताना काच फोटोला टेकू देऊ नका, मध्ये माउंटबोर्डची चौकट हवी. दमट हवेत चकचकीत फोटो काचेला असा चिकटतो की सोडवताना त्याचा थरच निघून येतो. पीव्हीसीच्या खिशांचा अल्बम टाळा. पाठीवर बॉलपेनने दाबून लिहू नका, अक्षरं पुढून उठतात.

प्रश्न : कृष्णधवल फोटो हिरवट आला. पुन्हा काढला तर जांभळट.

उत्तर : रंगीत कागदावर राखाडी हा तीन रंगांच्या मिश्रणातून तयार होतो. त्यातला एक जरा जास्त झाला की झाक येते, आणि रंगीत फोटोत न दिसणारी चूक इथे उघडी पडते. त्यातून दिव्यागणिक तीच प्रिंट वेगळी दिसते, म्हणून ट्यूबलाइटखाली निवाडा करू नका. फाइल ‘ग्रेस्केल’ऐवजी आरजीबीत द्या, कारण काही यंत्रणा ग्रेस्केल चुकीची वाचतात. नेमकी तटस्थ राखाडी हवी असेल तर राखाडी शाया वापरणारी इंकजेट लॅब शोधा, तिथे दर जास्त पडेल. कमी खर्चात भागवायचं तर फाइललाच किंचित तपकिरी झाक द्या. मग यंत्र थोडं इकडेतिकडे गेलं तरी सहसा नजरेला खुपत नाही.