‘आत्मिक’ की ‘आध्यात्मिक’, आणि वाढीचं ‘संगोपन’

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) तरुण संघाचं शिबिर पन्हाळ्यावर भरतंय. मसुदा इंग्रजीतून आला होता, त्यावरून पत्रकाचा मथळा झाला ‘आध्यात्मिक वाढीचे संगोपन’. पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) ‘आध्यात्मिक’ खोडून ‘आत्मिक’ केलं, मराठी शिकवणाऱ्या मावशींनी ते परत ‘आध्यात्मिक’ केलं. बरोबर कोण? ‘संगोपन’ कानाला का खटकतं? आणि मुलांना बायबल शिकवणाऱ्या चर्चच्या वर्गाला ‘शब्बाथ शाळा’ ऐवजी ‘रविवारची शाळा’ लिहावं का?

आधी भांडण मिटवू. दोन्ही शब्द शुद्ध आहेत. ‘आत्मन्’ला ‘इक’ लागून ‘आत्मिक’, ‘अध्यात्म’ला ‘इक’ लागून ‘आध्यात्मिक’. ‘इक’ लागला की पहिल्या ‘अ’चा ‘आ’ होतो: समाज-सामाजिक, धर्म-धार्मिक. ‘आत्मिक’मध्ये ‘आ’ मुळातच आहे, म्हणून फरक दिसत नाही. चुकीचा आहे तो ‘अध्यात्मिक’, आणि नेमका तोच फलकांवर सर्रास असतो.

आता वजन. ‘अध्यात्म’ म्हटलं की मराठी कानाला कीर्तन-प्रवचन, पारायण, साधना ऐकू येते. माणसानं स्वतःच्या आत्म्याचा घेतलेला शोध. ‘आत्मिक’ शब्द चर्चबाहेर ‘आत्मिक समाधान लाभले’ इतक्यापुरता उरलाय, तोही सत्काराच्या भाषणात. चर्चमध्ये मात्र त्याचा संदर्भ वेगळा आहे. तिथे ‘आत्मा’ म्हणजे माणसाचा आत्मा, तसाच पवित्र आत्मा, म्हणजे देवाचा आत्माही. ‘आत्मिक वाढ’ म्हणताना मंडळीला त्या आत्म्याच्या हातून होणारी वाढ अभिप्रेत असते, नुसती आपल्या साधनेनं साधलेली नव्हे. मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले (वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं), म्हणजे इथल्या मंडळीच्या मराठीला दीडशेहून अधिक वर्षं झाली. पाळकसाहेबांचा शब्द त्या बोलीतला आहे. मावशींचाही शब्द परका नाही: मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, प्रेषित पौल मेलेल्यांच्या उठण्याविषयी लिहितो तिथे ‘आध्यात्मिक शरीर’ असाच प्रयोग आहे. माझं मत विचाराल तर पत्रक मंडळीतल्या पोरांसाठी आहे, ‘आत्मिक’ ठेवा. वर्तमानपत्रात निवेदन द्यायचं असेल तर ‘आध्यात्मिक’.

खरी अडचण मात्र ‘संगोपन’ची आहे, आणि तिच्याकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही. संगोपन लेकराचं होतं, फार तर जनावराचं. वाढीचं संगोपन होत नाही, कारण वाढ हा संगोपनाचा परिणाम आहे. इंग्रजीतल्या दोन नामांना मराठीत दोन नामं शोधली आणि ‘चे’नं जोडली, की असं होतं. ‘विकासाची जोपासना’, ‘श्रद्धेचे संवर्धन’ ही सगळी त्याच घरची.

चर्चमधली माणसं एरवी कशी बोलतात ते ऐका. ‘अमका गेल्या साली विश्वासात आला.’ ‘ती विश्वासात अजून नवी आहे.’ ‘पोरं वचनात वाढली पाहिजेत.’ ‘प्रार्थनेत टिकून राहा.’ सगळीकडे सप्तमीचा ‘-त’ आहे. विश्वास ही माणसाच्या हातातली वस्तू नसून माणूस जिच्यात राहतो अशी जागा आहे, असा त्या ‘-त’चा अर्थ. ‘विश्वास वाढवणे’ म्हटलंत की पतसंस्थेची जाहिरात होते, ‘विश्वासात घेणे’ म्हटलंत की राजकारण. ‘विश्वासात वाढणे’ हा प्रयोग मात्र ख्रिस्ती मराठीनं स्वतःसाठी राखलाय. बायबलातल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी प्रभूच्या कृपेत आणि ज्ञानात वाढत जा असं सांगितलंय, तिथेही तोच ‘-त’. इफिसकरांच्या पत्रात तर ‘प्रीतीत मुळावलेले’ आहे. मुळावणे! इतकं देखणं क्रियापद घरात असताना आपण ‘संवर्धन’ उसनं आणतो.

मग ‘वाढवणे’ वापरायचंच नाही का? वापरा, पण कर्म बघून. मुलांना चिरडीस आणू नका, प्रभूच्या शिस्तीत वाढवा, असं त्याच इफिसकरांच्या पत्रात बापांना सांगितलंय. तिथे कर्म मूल आहे, म्हणून ‘संगोपन’सुद्धा चाललं असतं. विश्वासाची गोष्ट आली की कर्ता बदलतो. करिंथकरांना पौल लिहितो, ‘मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण देव वाढवत गेला.’ करवीर-कागलकडच्या माणसाला हे समजावायला लागू नये. लावण आपण करतो, पाण्याची पाळी आपण धरतो, भरणी करतो. पण ‘मी ऊस वाढवला’ असं कोण म्हणतं? म्हणतात ‘ऊस वाढला’. फारच अभिमान असेल तर ‘औंदा ऊस चांगला आणलाय’. पाळक, शब्बाथ शाळेच्या बाई, रात्री जेवणाआधी घरात प्रार्थना घेणारी आजी यांची कामं पाणी घालण्यात मोडतात, आणि त्यासाठी साधे शब्द हजर आहेत: शिकवणे, सांभाळणे, धीर देणे, चुकलं तर कान धरणे. पत्रकात तेच लिहा. ‘वडीलजनांनी तरुणांना विश्वासात सांभाळावे’ यात काही कमी पडत नाही.

जाता जाता: ‘वाढणे’ म्हणजे ताटात वाढणेही. शिबिराच्या पत्रकात ‘आत्मिक वाढ’ आणि खाली ‘दुपारी १ वाजता वाढ’ असं शेजारी छापू नका. पोरं नको ते जोडतील, आणि मग तांबड्या-पांढऱ्याखेरीज चर्चा नाही.

मथळा माझ्याकडून: ‘विश्वासात मुळावू या’. खाली बारीक टाइपात ‘तरुणांच्या आत्मिक वाढीसाठी शिबिर’. ‘मुळावू’ जड वाटला तर ‘विश्वासात वाढू या’. ‘या’ सुटा लिहा.

‘शब्बाथ शाळा’ तशीच राहू द्या. शब्बाथ म्हणजे मूळचा शनिवार हे खरं, पण मराठी मंडळ्यांत त्या नावाची शाळा पिढ्यान्‌पिढ्या रविवारी भरते आणि त्यावरून कुणी मूल चुकीच्या दिवशी आलेलं नाही. ‘रविवारची शाळा’ लिहिलंत तर आई-बाप उलट विचारतील, ही जादा तासांची का?