मेडिकलवाला शुगरच्या पेशंटला गोळ्या देण्यापलीकडे काय मदत करू शकतो?

खूप करू शकतो, सोलापूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच. इथं पारा ४० च्या वर जातो आणि न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, म्हणून मेडिकलमधनं नेताना आइस पॅक मागून घ्या, पण थेट बर्फाला टेकवू नका, गोठलं की वाया गेलं. सगळ्यात महत्त्वाची सिरिंज. ४० वाल्या (एका मिलीत ४० युनिट इन्सुलिन असलेल्या) व्हायलला, म्हणजे बाटलीला, लाल टोपणाची, १०० वालीला केशरी, अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो, हे फार्मासिस्टने प्रत्येकाला, विशेषतः वयस्कर माणसांना हातात घेऊन दाखवायलाच पाहिजे. ग्लुकोमीटर (घरी शुगर मोजायचं यंत्र) वापरायलापण काउंटरवर शिकवता येतं. आणि शुगरवाल्यानं पायाच्या जखमेला नुसतं मलम मागितलं तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा.