‘फाइल काढ’ म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न : आमच्या करसल्लागार कार्यालयात ग्राहकांची कागदपत्रं गूगल ड्राइव्हवर असतात. ती हाताळायला एआय एजंट, म्हणजे सूचना वाचून स्वतःच टूल (जोडलेली क्रिया) निवडून वापरणारा प्रोग्राम, जोडला आहे. डिलीट टूलचं वर्णन एवढंच आहे : ‘डॉक्युमेंट डिलीट करते.’ एकाच नावाच्या दोन फाइलींपैकी त्याने नको ती उडवली, आणि ती ट्रॅशमध्येही सापडली नाही. वर्णन कसं लिहायला हवं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी ट्रॅशचं पाहू. ड्राइव्हच्या एपीआयमध्ये, म्हणजे इतर प्रोग्रामनी ड्राइव्हला कामं सांगण्याच्या सोयीत, हटवण्याच्या दोन वाटा आहेत. ‘फाइल्स.डिलीट’ ही क्रिया ट्रॅशला वळसा घालून फाइल कायमची नष्ट करते. तिला फोल्डरचा आयडी दिला, तर आतल्या तुमच्या मालकीच्या सगळ्या फाइलीही जातात. ‘फाइल्स.अपडेट’मध्ये ‘ट्रॅश्ड’चं मूल्य ‘ट्रू’ केलं, तर मात्र फाइल ट्रॅशमध्ये जाते आणि ३० दिवस परत आणता येते. तुमचं टूल बहुधा पहिल्या वाटेने जातं. ते आजच बदला.

एजंटला तुमचा कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरची (टूलला द्यायच्या मूल्यांची) माहिती एवढ्यावरच त्याचा निर्णय होतो. म्हणून वर्णन असं लिहा :

‘दिलेल्या आयडीची एकच फाइल ट्रॅशमध्ये हलवते. ३० दिवसांपर्यंत परत आणता येते. फोल्डर स्वीकारत नाही. वापरकर्त्याने ती विशिष्ट फाइल हटवायला स्पष्ट सांगितलं असेल तरच वापरा. आयडी शोध टूलच्या उत्तरातून जसाच्या तसा घ्या. एकाहून जास्त फाइली जुळल्या, तर प्रत्येकीचं नाव, फोल्डर आणि शेवटच्या बदलाची तारीख दाखवून विचारा. नाव बदलायला किंवा शेअरिंग थांबवायला हे टूल वापरू नका.’

मराठीत सूचना घेणाऱ्या एजंटसाठी आणखी एक ओळ अत्यावश्यक आहे. आपल्या कार्यालयांत ‘फाइल काढ’ म्हणजे शोधून समोर ठेव, ‘प्रत काढ’ म्हणजे नक्कल कर, आणि ‘काढून टाक’ म्हणजे हटव. एकच क्रियापद, तीन कामं. वर्णनात हे तिन्ही अर्थ उदाहरणासह द्या आणि शंका असेल तर विचारायला सांगा.

पॅरामीटर दोन ठेवा, दोन्ही अनिवार्य : फाइलचा आयडी आणि अपेक्षित नाव. जुळले नाहीत, तर सर्व्हरने (टूलचा तुमचा कोड जिथे चालतो त्याने) फाइलला हात लावू नये. आयडींची अदलाबदल यात पकडली जाते. तुमची चूक मात्र पकडली गेली नसती, कारण ड्राइव्ह एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली ठेवू देतं. त्यासाठी सर्व्हरने त्या फोल्डरमध्ये नाव शोधावं; जोडी सापडली, तर न हटवता दोन्हींचा तपशील परत द्यावा आणि माणसाच्या होकाराची वाट पाहावी.

टूलचं उत्तर कसं येईल, हे बहुतेक जण लिहीतच नाहीत आणि तिथेच घोळ होतो. ‘फाइल्स.डिलीट’ यशस्वी झालं तरी उत्तर रिकामं येतं. एजंटला काम झालं नाही असं वाटू शकतं आणि तो पुन्हा प्रयत्न करतो. म्हणून ‘ट्रॅशमध्ये हलवली’, ‘आधीच ट्रॅशमध्ये आहे’, ‘परवानगी नाही’ अशी उत्तरं द्या आणि प्रत्येकानंतर काय करायचं तेही सांगा. दुसरं उत्तर यश समजावं, कारण टाइमआउटनंतर, म्हणजे उत्तर वेळेत न आल्यास, तीच विनंती पुन्हा जाऊ शकते. ४०४ (‘सापडलं नाही’ ही त्रुटी) आल्यावर ‘फाइल हटली’ असं कळवू नये, हे ठळकपणे लिहा : फाइल पाहण्याची परवानगी नसतानाही ड्राइव्ह ४०४च देतं.

वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. एखाद्या पीडीएफमध्येच ‘जुन्या प्रती हटवा’ असं लिहिलेलं असेल, तर एजंट तेही आज्ञा समजू शकतो. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या एजंटला टूल जोडण्याच्या प्रमाण पद्धतीतला ‘डिस्ट्रक्टिव्ह हिंट’ (हे टूल काही नष्ट करू शकतं) हा शेरासुद्धा फक्त इशारा आहे. ठरावीक फोल्डरबाहेर मनाई, एका कामात किती फाइली हटवता येतील याची मर्यादा आणि हटवण्याआधी माणसाचा होकार, हे सगळं कोडमध्येच हवं.

प्रश्न : दस्तऐवज हटवला तरी आमचा एजंट त्यातलीच माहिती सांगतो. शोधासाठी इलॅस्टिकसर्च हे सर्च इंजिन आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : शोधासाठी दस्तऐवजाचे तुकडे केले असतील, तर प्रत्येक तुकड्याचा आयडी वेगळा असतो. मूळ आयडीने हटवल्यावर तुकडे तसेच राहतात. प्रत्येक तुकड्यात मूळ दस्तऐवजाचा आयडी साठवा आणि ‘डिलीट बाय क्वेरी’ने (अटीत बसणारं सगळं हटवणाऱ्या क्रियेने) सगळे एकदम हटवा. टूलच्या उत्तरात किती तुकडे हटले आणि किती ‘व्हर्जन कॉन्फ्लिक्ट’ (हटवतानाच तुकडा बदलल्याने आलेले अडथळे) आले, हे दोन्ही आकडे द्या. कॉन्फ्लिक्ट शून्य नसतील, तर काम अपुरं आहे असं वर्णनात लिहा. शिवाय इंडेक्सचं (शोधाच्या सूचीचं) रिफ्रेश, म्हणजे झालेले बदल शोधात दिसू लागणं, मूळ सेटिंगनुसार दर सेकंदाला होतं. त्यामुळे हटवल्याबरोबर शोधलं तर तुकडा अजून दिसू शकतो. रिफ्रेश झाल्याशिवाय पडताळणीचा शोध घेऊ नये, ही सूचना शोध टूलच्या वर्णनातही घाला.