ऑरोरा (आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश) दिसतो तेव्हा वरच्या हवेत खरंच काही रासायनिक बदल होतात का? ओझोनला धोका आहे का?

होतात, आणि भरपूर होतात. ओझोनचं पुढे सांगतो, आधी रंग, कारण तेही रसायनशास्त्रच आहे.

मे 2024 च्या सौर वादळात लडाखच्या हानलेहून लाल आकाशाचे फोटो आले होते ना, ते मी अजूनही काढून बघतो. तो लाल 200 किमीच्या वरच्या सुट्या ऑक्सिजन अणूंचा. त्या अणूला हा लाल प्रकाश सोडायला जवळपास दोन मिनिटं लागतात, आणि खाली हवा दाट असते, तेवढ्या वेळात दुसरं कुणीतरी धडकून ती ऊर्जा काढून घेतं, म्हणून खाली लाल दिसत नाही, हिरवा दिसतो, त्याला सेकंदभरही लागत नाही.

पण मला विचाराल तर मुख्य काम नायट्रोजनचं. त्याच्या दोन अणूंची जोडी एरवी फुटता फुटत नाही, वरून आलेले इलेक्ट्रॉन ती फोडतात, मग सुटा नायट्रोजन ऑक्सिजनला चिकटतो आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, सगळ्यात जास्त साधारण 110 किमीच्या आसपास. उन्हात तो फार टिकत नाही. ध्रुवावर मात्र हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, तिथे तो आठवडेच्या आठवडे टिकतो आणि खाली उतरणाऱ्या हवेबरोबर 40-50 किमीपर्यंत येतो. तिथे ओझोनमधला एक ऑक्सिजन उचलतो, तो दुसऱ्या सुट्या ऑक्सिजनला देऊन टाकतो आणि पुन्हा मोकळा, पुढच्या ओझोनकडे! स्वतः खर्चच होत नाही, म्हणून थोडासा असला तरी पुरतो.

ऑक्टोबर 2003 च्या वादळांत तर सूर्याकडून आलेले प्रोटॉन थेट खोलवर घुसले, आणि 40 किमीच्या वर ध्रुवाकडचा ओझोन चांगलाच घटलेला उपग्रहांनी टिपला. तरी घाबरू नका, आपला बहुतेक ओझोन 15 ते 30 किमीमध्ये असतो, तिथवर याची झळ फार कमी पोचते. अंटार्क्टिकाच्या छिद्राचं कारण वेगळं, ते सीएफसी, म्हणजे जुन्या फ्रिज-एसीतले क्लोरीनवाले वायू.

आणि हाच नायट्रिक ऑक्साइड एक चांगलं कामही करतो, जे सहसा कुणी सांगत नाही. वादळात वरची हवा तापून फुगते (फेब्रुवारी 2022 मध्ये नुकतेच सोडलेले 38 स्टारलिंक इंटरनेट उपग्रह याच फुगलेल्या हवेच्या घर्षणाने गेले), आणि ती उष्णता इन्फ्रारेडच्या रूपात अवकाशात फेकून हवा परत थंड करण्यात मोठा वाटा याचाच असतो.